पद्मिनीची टकटक

गॅरेजात किस्से इंजिन ऑइलसारखे साचतात. मुद्दाम कुणी सांडत नाही, पण संध्याकाळी बघावं तर फरशीवर डाग असतोच. आमच्या गॅरेजात तर दादा होता, म्हणजे रोजचा एक डाग ठरलेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुळशी धरणाच्या रस्त्याला, भातखाचराच्या कडेला त्याचं गॅरेज. मी आठवीतनं शाळा सोडली आणि त्याच्या हाताखाली आलो. दादा या श्रावणात गेला. आता सांगायला मीच उरलोय. मला एका दमात सांगता येत नाही, मधेच कुठंतरी तुटतं. तेवढं सांभाळून घ्या.

*

पद्मिनी गाडी दादाला मिळाली ती एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागं. जुनी, पांढरी, आत कोंबड्या राहायच्या. मालक म्हणाला, "कोंबड्या सोडून काय पायजे ते न्या!"

पावसाळाभर खपून दादानं तिला उभी केली. पत्रा ठोकला, रंग मारला, इंजिन बांधलं. खंडेनवमीला पान्या-हातोड्यांची पूजा केली, तशी तिच्या इंजिनाचीही केली. बॉनेट उघडून हळद-कुंकू, झेंडू, सुपारी. चाकापुढं नारळ. मग बॉनेट लावलं आणि आम्ही लवासाच्या घाटाकडं निघालो.

पहिल्याच वळणावर आवाज आला. टक. पुढच्या वळणावर टक टक.

दादा गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "अंडं ऱ्हायलं का काय आत!"

*

दादाची आवाज शोधायची पद्धत डॉक्टरची होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात गॅरेजात कुणी शिंकायचं पण नाही.

शेजारी बबनमामा राहतात. सगळा जन्म ट्रक चालवण्यात गेला, त्यामुळं गप्प बसायची सवय नाही. ते खुर्ची टाकून बसायचे आणि निदान सांगायचे.

"वाल वाजतुया."

दादानं व्हॉल्व्ह बदलले. टक टक.

"बेरिंग गेलंय."

बेरिंग बदललं. टक टक.

"मग पंप आसंल."

पंप बदलल्यावर दादा हात पुसत म्हणाला, "मामा, आता हितं जुनी वस्तू एकच ऱ्हायली."

"कंची रं?"

"तुमी!"

*

शेवटी दादानं इंजिनच बाहेर काढलं. ट्रकच्या टायरवर ठेवलं, पेट्रोलची बाटली टांगली आणि चालू केलं. काय चाललं! शिवणयंत्रासारखं. दादानं सगळीकडनं कान लावला. टकचा पत्ता नाही.

परत गाडीत बसवलं, चक्कर मारली. टक टक.

परत काढलं. गप्प.

मामा म्हणाले, "लाजती. नवऱ्याच्या घरातच बोलती."

दादा दिवसभर इंजिनाकडंच बघत बसला. इंजिन जिथं बसतं त्या जागेकडं कुणी बघितलं नाही. मी पण नाही.

*

दुसऱ्या वर्षी दादानं खंडेनवमीची पूजा जोरात केली. खास त्या आवाजासाठी. इंजिनाला हार घातला, सुपारी ठेवली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "देवा, एवढी टकटक ने!" मग नेहमीसारखी चक्कर.

संध्याकाळी बॉनेट उघडलं तर हार होता, सुपारी नव्हती.

"देवानं घेतली," दादा म्हणाला. "आता जातोय आवाज."

दुसऱ्या दिवशी आवाज डबल झाला.

तिसऱ्या वर्षी पण तसंच. सुपारी गेली, आवाज वाढला. मामा म्हणाले, "देवाला एवढ्यावर भागत न्हाई वाटतं."

*

पुण्याजवळच्या सूसहून एक साहेब येतात. मूळचे लातूरकडचे, कॉम्प्युटरमध्ये आहेत. रविवारी धरणावर पाखरांचे फोटो काढतात. त्यांचा पद्मिनीवर पहिल्यापासून डोळा.

एकदा म्हणाले, "दादा, आजकाल आवाजावरून सगळं कळतं. थांबा." मोबाईल काढला, इंजिनाजवळ धरला. दादानं गाडी हळूहळू पुढं-मागं घेतली. टक टक टक. मोबाईलनं बराच विचार केला आणि एक पाखरू दाखवलं. हिरवं, कपाळ लाल.

"हे तांबट दाखवतंय," साहेब ओशाळून म्हणाले. "पक्ष्यांचं ॲप आहे ना."

दादानं बॉनेटकडं बघितलं. अगदी गंभीर चेहरा.

"नर का मादी?"

*

या आवाजाचा फायदा फक्त वहिनीला झाला. दादा गिऱ्हाइकाकडनं घरी यायला निघाला, की धरणाच्या वळणावरच टकटक ऐकू यायची. वहिनी तवा चढवायची. दादा ओट्यावर पाय धुऊन आत येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

एकदा पद्मिनी गॅरेजात होती म्हणून दादा दुसऱ्याच्या गाडीतनं आला. पाटावर बसला. चूल थंड!

"भाकरी?"

वहिनी म्हणाली, "आवाज न्हाई आला. मग तुमी आला कसं?"

*

श्रावणात सकाळी दादाच्या छातीत कळ आली. पद्मिनी काढायला मी धावलो तर म्हणाला, "ती नको, वाजती." मामांच्या व्हॅनमधनं पौडच्या दवाखान्याकडं निघालो. मागच्या सीटवर दादाचं डोकं माझ्या मांडीवर. घामानं माझी पँट भिजली. मी बडबडत होतो, काय ते आठवत नाही. दादा डोळे मिटून पडला होता, मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, "मामा, फॅनबेल्ट सैल हाय तुमचा."

पौडच्या अलीकडंच संपलं.

मामांनी तेराव्याला बेल्ट बदलला. सैलच होता.

*

यंदा दुखवटा म्हणून खंडेनवमीची पूजा नव्हती. गॅरेज बंद, पद्मिनी अंगणात उभी. त्यात साहेब आले. म्हणाले, "वहिनी, गाडी मला द्या. मी जिवापाड सांभाळीन. फक्त तो आवाज तेवढा काढून द्या."

वहिनी म्हणाली, "न्या. उभी बघवत न्हाई."

मी तिथल्या तिथं बोलून गेलो, "रविवारी या! आवाज काढून ठेवतो!" मला आधी बोलायची आणि मग विचार करायची सवय आहे. विचार रात्री आला. दादाचं एकच काम राहिलं होतं, ते आवाजाचं. ते मला पुरं करायचं होतं. आणि ते पुरं झालं की गाडी जाणार होती.

सकाळी चावी फिरवली तर बॅटरी मेलेली. मी आणि मामा गाडी ढकलत गॅरेजकडं निघालो. जरा उतार लागला आणि टक.

मामा थांबले. "चालू हाय का रं?"

"बॅटरीच न्हाई, चालू कुटली?"

परत ढकलली. टक टक टक.

इंजिन बंद आणि इंजिनाचा आवाज चालू! इतकी वर्षं ही गाडी आम्ही कधी ढकललीच नव्हती. दादाच्या हातची गाडी ढकलायची वेळ कशी येईल?

मी जॅक लावून खाली शिरलो. इंजिनाच्या खाली एक आडवी, पोकळ पत्र्याची पेटी असते, तिच्यावर इंजिनाचा भार असतो. तिच्यावर हातोडी मारली. आत काहीतरी घरंगळलं. मग मी ऐकतोय का! इंजिन टांगलं, पेटी सोडवली. वरच्या अंगाला अंगठ्याएवढं भोक होतं. पेटी उलटी केली.

हातात तीन सुपाऱ्या पडल्या. तेलानं काळ्या झालेल्या. एकीच्या खाचेत अजून हळद होती.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "देवानं न्हाई घेतल्या तर."

रविवारी सकाळपर्यंत सगळं परत बसवलं, मामांच्या व्हॅनची बॅटरी लावली आणि गाडी धरणाच्या वळणापर्यंत नेऊन आणली. टकचा मागमूस नाही. अंगणात येऊन उभा राहिलो तर वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आली.

"तू हितं कसा? गेलायस न्हवं?"

"जाऊन आलो, वहिनी."

तिनं बॉनेटवर हात ठेवला. इंजिन चालू होतं. मी सुपाऱ्या पुढं केल्या, कुठं होत्या ते सांगितलं. तिनं त्या घेतल्या, एकेक पदराला पुसली आणि आत गेली.

परत आली तेव्हा हातात हळद-कुंकवाचं ताट होतं. ताटात चार सुपाऱ्या.

"यंदाची ऱ्हायली हुती," म्हणाली. "भोक कुटं हाय?"

मी बॉनेट उघडलं.

अकराच्या सुमारास साहेब आले. गाडीभोवती फेरी मारली, आरशात केस बघितले आणि मला विचारलं, "काय बाळू, मिळाला का आवाज?"

मी चपलेनं माती उकरत बसलो.

"न्हाई मिळाला, साहेब," दारातनं वहिनी म्हणाली. "उलट वाढलाय."