टाकीच्या ओट्यावरचं बेट

आता काय सांगू तुम्हाला! निवृत्त माणसाने काहीही करावं, पण विज्ञानावरचे लेख वाचू नयेत. मी वाचला. जगात एकाच बेटावर उगवणाऱ्या एका दुर्मीळ शेवाळाबद्दल होता.

दुसऱ्या सकाळी गच्चीवर गेलो, तर पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर हिरवंगार, मखमली काहीतरी पसरलेलं! बाकी गच्चीवर कुठेही नाही. रात्रीच्या पावसाचं भोवती तळं साचलेलं. चारही बाजूंना पाणी, मधे ओटा. बेट आणखी कशाला म्हणतात?

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गच्चीवर! शेवाळाच्या नावात माझं आडनाव कसं बसवायचं, हेसुद्धा मी जिना उतरता उतरता ठरवून टाकलं. अशा वनस्पतीला हात लावू नये, असं लेखात होतं. मी गच्चीच्या दाराला कुलूपच घातलं. आणि शोध फुटू नये म्हणून कारण कोणालाही सांगितलं नाही.

इकडे स्लॅब गळत होता. दुरुस्तीला बोलावलेला मिस्त्री दारात उभा.

"काका, किल्ली द्या ना. गच्ची खरडल्याबिगर सिमेंटचा माल धरत नाई."

"खरडायचं नाव काढू नकोस!"

"अवो, पलंगावर पाणी टपकून राह्यलं!" बायको ओरडली. "अन् मले बी वरतून माहं ते..."

"काही नाही! आधी अमरावतीहून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक येणार."

"काहून? ते गळती थांबवतात काय?"

ज्ञानाची उपेक्षा घरातूनच सुरू होते, बघा. पलंगावर परात ठेवली आणि तिच्या शेजारी मी निश्चिंत झोपलो.

प्राध्यापक आले. त्यांच्यामागे बायको, मिस्त्री आणि शेजारचे वकीलसाहेबही वर चढले. मी म्हटलं, येऊ द्या, साक्षीदार लागतातच! लेख तोंडपाठ म्हणून दाखवला. प्राध्यापक पँट दुमडून तळ्यातून ओट्यापाशी गेले. भिंग लावलं. चिमूट उचलली, हुंगली. बोटं हिरवी झाली.

"काका, याला रंग कोणी दिलाय का?"

"मीनंच देल्ला," बायको म्हणाली. "महालक्ष्म्यांच्या सणाले मूर्तीपुढं बगिचा मांडतो ना, त्यातला लाकडाचा भुसा हाय थो. पुढच्या वर्साले कामी येईन म्हणून वाळू घातला अन् पाऊस आला. तवापासून किल्ली मागून राह्यली ना मी!"

वकीलसाहेबांना खोकल्याची उबळ आली. प्राध्यापक भिंग पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

मिस्त्री तेवढा कामाचा माणूस. त्याने ओट्याला खुरपी लावली, मग थांबला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं,

"काका, सारंच खरडू, का थोडं बियाण्याले ठिऊ?"