आक्कांचा शिकाऊ ससा

माणसांबद्दल इतकी निर्धास्त आणि जनावरांबद्दल इतकी हळवी बाई माझ्या बायकोच्या निपाणीच्या आत्येखेरीज उभ्या बेळगाव जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणत असू. घरात कुणाला ताप भरला तर "उतरंल" एवढं म्हणून त्या सुपारी कातरत बसायच्या. पण गोठ्यातली म्हैस खोकली की भरल्या ताटावरून उठायच्या. मी तेव्हा बेळगावात वकिली करत होतो, म्हणजे काळा कोट घालून रोज कोर्टात जाऊन येत होतो. जावई म्हणून माझा मान मोठा होता. आक्कांच्या लेखी मात्र तो म्हशीच्या बराच खाली होता.

आमच्या शेजाऱ्यांची लोंढ्याला बदली झाली. जाताना त्यांनी आपला पांढरा ससा आमच्या अण्णूला आणि पद्माला दिला. त्याच संध्याकाळी अण्णूने सशाला कान धरून उचललं आणि मी "शाबास! ससा असाच धरतात" म्हणून त्याची पाठ थोपटली. जत्रेतल्या जादूगाराला मी तसंच करताना पाहिलं होतं. प्राणिशास्त्राचा माझा अभ्यास तेवढाच. नेमक्या त्याच वेळी निपाणीच्या मोटारीने आलेल्या आक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, ससा सोडवला आणि माझा कान धरला.

"दुकतंय?"

"हो, हो!"

"बगा रं पोरांनो, वकिलास्नी दुकतंय. मग त्या मुक्या जिवाला किती दुकत आसंल?"

त्या दिवसापासून मी सशाच्या जागेवर रुजू झालो. "खरा ससा भिऊन मरंल. जावयबापू काय मरत न्हाईत," असा आक्कांचा युक्तिवाद होता आणि तो मला खोडता आला नाही. मी टेबलाखाली बसायचं. मुलांनी दबकत यायचं, भुईवर बसायचं, हात पुढे करून थांबायचं. पद्मा धावत आली तर मी दचकायचं, हळू आली तर नाक हलवायचं. एकदा उचगावचा एक नवा अशील आला. "वकीलसाहेब हाईत का?" म्हणाला. "हाईत की," आक्का म्हणाल्या, "पर आत्ता ससा हाईत. जरा बसा." तो बसला. त्याने वाकून टेबलाखाली पाहिलं आणि तो आपले कागद घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेला.

आमचं घर जैनांचं, त्यामुळे जमिनीखालचं गाजर सशाच्या वाट्याला आलंच नाही. त्याला गवत आणि कोथिंबिरीचे देठ. पण सूर्यास्तानंतर घरात कुणी खात नसे आणि तो मात्र दिवेलागणीनंतरही चरायचा. यावर आक्कांनी पुष्कळ विचार करून निवाडा दिला, "त्येला घड्याळ कळत न्हाई, त्येला पाप न्हाई." मग चिवड्याच्या डब्याकडे निघालेल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमास्नी कळतंय."

एके दिवशी सकाळी ससा कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला दिसला. गवताला तोंड लावीना, आणि खाली एक लेंडी नाही. मी ताबडतोब मुलांची उलटतपासणी सुरू केली. अण्णू रडला, पद्मा रडली आणि माझ्या आवाजाने ससा आणखीच कोपऱ्यात शिरला.

"जावयबापू, कोर्ट भाईर न्या," आक्का म्हणाल्या.

मी कोर्ट बाहेर नेलं आणि दाराआडून ऐकत राहिलो. आक्का पद्माशेजारी भुईवर नुसत्या बसून होत्या. बऱ्याच वेळाने पद्मा आपण होऊन म्हणाली, "आज्जी, मी त्याला बेसनाचा लाडू दिला. मला आवडतो म्हणून."

"माया केलीस गं बाई. पर तुज्या पोटाची केलीस. आता त्येच्या पोटाची करू या."

"तो मरेल का?"

"ते मला ठावं न्हाई. पर त्येला एकटं सोडायचं न्हाई."

त्यांनी ओलं गवत मागवलं, पाण्याची वाटी ठेवली आणि सशाच्या पोटावरून हलकेच बोटं कशी फिरवायची ते पद्माला दाखवलं. पोर जेवायलाही उठली नाही. मी कोर्टात जाऊन नेहमीप्रमाणे हरून आलो, तो आमच्या बोळाच्या तोंडाशीच पद्मा ओरडत धावत आली, "बाबा, लेंड्या पडल्या! लेंड्या पडल्या!" ओट्यांवर बसलेली सभ्य मंडळी माझ्याकडे बघू लागली. मी छत्री काखेत मारून धावत सुटलो. माझ्या कुठल्याही निकालाने आमच्या घरात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आक्का निपाणीला परत निघाल्या त्या सकाळी टांगा दारात उभा होता. त्या खाली बसून गाठोडं बांधत होत्या, तोच ससा आला आणि त्यांच्या जमिनीवर पसरलेल्या पदरावर अंग टाकून निजला. इतक्या दिवसांत त्यांनी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

"आक्का, मोटार चुकेल," मी म्हणालो.

"चुकू द्या," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओठांवरूनच कळलं.

आक्कांना मूलबाळ नव्हतं. मी बाहेर जाऊन टांगा परत पाठवला आणि कुणी न सांगता येऊन भुईवर बसलो. पुढे गुडघ्यांनी त्यांना बेळगाव दाखवलं नाही. आणि आम्ही निपाणीला गेलो की त्या आधी सशाची खुशाली विचारत, मग आमची. पण त्या सकाळी त्या कुणालाच काही विचारत नव्हत्या. एक हात पदराशी ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी पद्माला जवळ ओढून घेतलं होतं, आणि ऊन उंबरा ओलांडून आत आलं तरी आमच्यापैकी कुणीही हललं नाही.