मशिनीच्या दातांवर पाळत

माझा धाकटा दीर लाकूड कापायच्या मशिनीचे दात मुद्दाम बोथट करतो, याची मला एकेकाळी पक्की खात्री होती. पुरावा नव्हता. पण पुरावा लागतो तो कोर्टाला. मोठ्या जावेला लागत नाही.

तेव्हा मी नुकतीच आजी झाले होते, म्हणजे तशी तरणीच. मिरजगावच्या अलीकडं वस्तीवर आमची दोन घरं आणि मधे एकच अंगण. अल्याड आम्ही, पल्याड बापूभाऊजी आणि माझी जाऊ सुशीला. आमचे हे रोज सकाळी दारातूनच "बाप्या, च्या झाला का रं?" अशी हाक मारायचे आणि दोघं भाऊ अंगणात बसून चहा प्यायचे. वादळात बांधावरच्या बाभळी पडल्या, तेव्हा दोघांनी मिळून एक चेनसॉ आणली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. पहिले चार दिवस तिनं काकडी चिरावी तशी बाभळ चिरली. पाचव्या दिवशी नुसता धूर, आणि पिठासारखा भुसा.

आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी एक बुडखा मातीसकट कापला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. (मातीत चेन घातली की दात जातात, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काय? घरातला संशय घरातच कशाला वाया घालवायचा?) त्यातच सकाळी भाऊजी शेडमध्ये पाठमोरे बसून, हातात बारीक गोल कानस घेऊन चेनीशी काहीतरी करताना दिसले. विचारलं तर म्हणाले, धार लावतोय. मी "बरं" म्हटलं, आणि मनात म्हटलं, धार लावणारा माणूस पाठ करून कशाला बसेल? (ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं, हे मला फार उशिरा सुचलं.)

पहिला संशय असा, की भाऊजी रोज रात्री आमची नवी चेन काढून कुठली तरी जुनी घालतात. मी सुनेची नखं रंगवायची बाटली पळवली आणि एका दाताला लाल ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी ठिपका जागच्या जागी! म्हणजे चेन बदललेली नव्हती. यावरून मी एकच निष्कर्ष काढला: भाऊजी मला वाटले होते त्याहून हुशार आहेत.

मग मी स्वतःची कानस आणायला बाजारात गेले. दुकानदारानं चेनचं माप विचारलं. म्हणाला, दाताच्या खाचेत कानस नीट बसली पाहिजे, प्रत्येक चेनला वेगळी लागते. मी आयुष्यभर पोरांना चपला घेताना वाढत्या अंगाच्या घेतलेल्या. म्हटलं, "एक नंबर मोठीच द्या." तो माझ्याकडं बघत राहिला. तोही भाऊजींच्याच पार्टीतला दिसला.

तेव्हापासून रोज दुपारी सगळे आडवे झाले, की मी शेडमध्ये. तव्याचं बूड घासावं तशी कानस मागं-पुढं, मागं-पुढं! चेनीला एक दात डावीकडं, एक उजवीकडं असे आलटून पालटून असतात. मी माझ्या बाजूचे तेवढे घासायची. मशीन अर्धी आमची, अर्धी त्यांची. तेव्हा पलीकडचे दात भाऊजींच्या वाटणीचे, असा माझा हिशोब.

झालं असं, की मशीन सरळ कापेनाशी झाली. ओंडक्यात शिरली की पातं तिरकं तिरकं पलीकडं वळायचं. पलीकडं म्हणजे भाऊजींच्या बाजूला! मी कपाळाला हात लावला. या माणसानं मशीनसुद्धा फितवली होती.

मग आम्हा जावाजावांचं बोलणं तुटलं. कालवणाच्या वाटीची अंगणातून ये-जा थांबली. एका जेवणात मी जाहीर करून टाकलं, की अंगणात भिंत घालायची, गवंडी सोमवारी येतोय. ह्यांनी घास खाली ठेवला.

"मंग बापूला सकाळी हाक कशी मारू?"

"घसा हाय की तुमाला," मी म्हटलं.

ते अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. मी ती खाल्ली. (रागात मला भूक जास्त लागते.)

रविवारी दुपारी मी शेवटची धार लावायला बसले. वाटणीआधी आपले दात तरी टोकदार असावेत, म्हणून. एवढ्यात कडब्याच्या गंजीमागून सुशीला उठली. मशीन रोज दुपारनंतर बोथट होते आणि ती आम्हीच करतो, असा तिला संशय! पुरावा पक्का व्हावा म्हणून तीन दिवस ती तिथं कडबा टोचून घेत बसली होती.

"हलू नगा, जाऊबाई," ती शांतपणे म्हणाली. "चोर घावला."

दोघे भाऊ आले. भाऊजींनी माझी कानस दातावर ठेवून दाखवली. ती खाचेत शिरेचना, नुसती वर बसली. मग त्यांची बारीक कानस ठेवली, ती अंगठी बोटात बसावी तशी बसली. म्हणाले, ही फक्त पुढं ढकलायची, मागं घासत आणायची नाही, आणि दोन्हीकडच्या दातांना सारखेच हात द्यायचे.

"म्या सकाळी धार लावायची, आन् तुमी दुपारी काढायची," भाऊजी म्हणाले. "वैनी, कामाला लई वाघीन हायसा."

आमचे हे जमिनीकडं बघत होते, पण खांदे हलत होते. मी विषय बदलला.

"मंग उद्या त्या गवंड्याला काय सांगू?"

"येऊ द्या की. भिंत घालू," भाऊजी म्हणाले. "पर घरांच्या मधी न्हाई. तुमच्या आन् मशिनीच्या मधी."

चूक पदरात पडल्यावर मोठ्या मनानं कबूल करावी, असं माझं मत आहे. मी लगेच मान्य केलं. अट फक्त एकच घातली.

"चालंल. पर तिला एक खिडकी ठेवा."