वाटूरचं रीळ

दत्तोबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आडतीवर कापसाच्या वाणावरून हुज्जत घालत होतो. आधी रागच आला. न सांगता निघून जायची खोड माझ्या या दोस्ताला पहिल्यापासूनची. खांद्याला कॅमेरा अडकवला की चार-चार दिवस पत्ता नाही... आमच्या परतूरला कॅमेरा म्हणजे लग्नातला फोटो, एवढंच ठाऊक होतं. हा मात्र वाट्याचं रान विकून चावी भरून चालणारा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आला आणि कुणाचीही चाकरी न करता चित्रं काढू लागला. नट नाही, गाणं नाही, नुसती खरी माणसं. पुढे सालगड्यांवर, पाणवठे बंद असलेल्या वस्त्यांवर त्यानं काढलेले माहितीपट आठवडी बाजारात धोतराच्या पडद्यावर पुष्कळांनी पाहिले. मला सांगायचंय ते कुणीच न पाहिलेल्या रिळाबद्दल.

निजामी संपायला दोनेक वर्षं होती. तालुक्याच्या साहेबाच्या दौऱ्याचं सामान त्याचे शिपाई शेजारच्या वाटूरच्या माणसांना वेठीला धरून वाहायला लावत. कुरकुर केली की चाबूक. दत्तोबानं ते लपून टिपलं. शेवटी पाच जण आपणहून कॅमेऱ्यापुढे आले, पाठीवरचे वळ दाखवले आणि मग कॅमेऱ्याकडे तोंड वळवून उभे राहिले. रीळ धुवायला मुंबईला न्यायचं होतं. तेवढ्यात मी माती खाल्ली. मोंढ्यात, भर बाजारात, फुशारकी मारली, "आमचा दत्तोबा साहेबाला पडद्यावर आणून राह्यला!" भिंतीला कान असतात, मोंढ्याला तर तोंडही असतं.

स्टेशनावर पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आमचीच वाट बघत होता. माणूस मोठा अदबशीर. रिळाचा डबा हातात घेत म्हणाला, "हैदराबाद भेजेंगे, देखेंगे, वापस दे देंगे."  तिथं रीळ धुतलं की पाचही चेहरे ओळखू येणार, आणि त्या पाचांचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"उसमें क्या है साहब, अब्बीच देखो ना," दत्तोबा म्हणाला. अमिनाच्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं आणि भर दुपारच्या उन्हात सगळी फीत ओढून काढली. न धुतलेल्या फितीला ऊन लागलं की तिच्यावरचं सगळं कायमचं जातं, हे अमिनाला ठाऊक नव्हतं. त्यानं ती राखाडी पट्टी डोळ्यांपुढे धरली. "अजी, इसमें तो कुछ भी नहीं!" शिपाई खो-खो हसले आणि आम्हाला सोडलं.

गावानं मग त्याला 'खाली डबा' नाव ठेवलं. मीही हसणाऱ्यांत होतो... खरं सांगितलं असतं तर ते पाच जण अडकले असते, हे खरंच. पण माझी जीभही उघडी पडली असती. एकदाच म्हणालो, "दत्तोबा, माझ्यामुळं..." त्यानं पुढे बोलू दिलं नाही. "शेठ, माणसं वाचली ना? मंग बराबर झालं." त्या क्षमेचा मला आजही राग येतो.

तेराव्याला वाटूरहून एक म्हातारा काठी टेकत आला. पाचांतला शेवटचा. "बाकीचे गेले. आता कोन्ला भ्यायचं? ते चित्र दावा," म्हणाला. रीळ शाबूत आहे असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. मी सगळं सांगितलं, माझ्या फुशारकीसकट, पहिल्यांदाच.  त्यानं उठून काठी माझ्या हाती दिली. दोन्ही हात डोक्याशी नेऊन, ओझं पेलल्यासारखा वाकत, दत्तोबाच्या खोलीत भिंतीपासून दारापर्यंत चालत गेला. तिथं थांबला आणि वळून सरळ माझ्याकडं बघत राह्यला.

"आता तुमी लिव्हा, शेठ," म्हणाला. "आन् माझं नाव बी लिव्हा."

किसन भिका. मुक्काम वाटूर.