डॅशबोर्डची भेग बुजेस्तोवर

आमच्या अंगणात टिनाच्या शेडखाली एक जुनी गोलमटोल अँबेसिडर उभी असते. हिवाळ्यात सकाळचं ऊन तिच्या समोरच्या काचेतून आत शिरतं आणि सीटवर पसरून बसतं. आत जाऊन बसलं की जरा वेळानं गाडी उभी आहे की चालली आहे, तेच कळेनासं होतं. मी पुसदच्या शाळेत शिकवते. रविवारी पेपर तपासायला म्हणून त्या गाडीत जाते, आणि खोटं कायले बोलू, तिथं मस्त झोपते.

गाडी बाबांची. जन्मभर एसटी चालवली, रिटायर झाले, आणि घराला रंग द्यायचं सोडून ही जुनी गाडी घेऊन आले. आई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एकदा पुढच्या सीटवर बसून कळंबच्या चिंतामणीला जाऊन आली, आणि त्या दिवसापासून गाडी तिचीही झाली.

डॅशबोर्डला भेग पाडली ती आमच्या उन्हाळ्यानं. स्पीडच्या काट्यापाशी एक बारीक रेघ उमटली, आणि दर उन्हाळ्यात थोडी थोडी सरकत ती आईच्या सीटपुढच्या कप्प्यापर्यंत पोचली. बाबांना त्या भेगेचं काही नव्हतं. "नदी हाय ते. वाहू दे," म्हणायचे.

मागच्या दिवाळीनंतर यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय, गेलेलं परत येत नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, आणि पुढच्याच हप्त्यात गाडी काढून उमरखेड रोडला गेले. बाजूच्या शेताच्या धुऱ्यावरून कापसाची बैलगाडी रस्त्यावर येत होती, ती त्यांना दिसलीच नाही. गाडीवानानं बैल मागं ओढले म्हणून निभावलं. घरी येऊन हे त्यांनीच सांगितलं, पाणी पिता पिता.

आईनं हात पुढं केला. "चाबी द्या."

"देतो न. डॅशबोर्ड नीट करतो, मंग पोरीच्या हातात देतो. फाटक्या कपड्यात कोनी लेक सासरी धाडते का?"

झालं! चाबी त्यांच्या बनियनच्या खिशात, आणि आईचा जीव त्या खिशात. बाबा जरा दाराकडे गेले की हिचे कान अंगणाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो का, हे ऐकत ती भाकरी थापायची आणि करपवायची.

पहिला प्रयोग बाबांनी आम्हाला न विचारता केला. सुताराकडून सागवानाचा भुसा आणला, स्वयंपाकघरातून डिंकाचा डबा उचलला, दोन्ही पाण्यात कालवून भेगेत भरलं. बसलं मात्र झकास. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्पीडच्या काट्यापासून कप्प्यापर्यंत लाल मुंग्या! आईनं हिवाळ्याच्या लाडवांसाठी कुटलेला डिंक तो, आणि त्यात गूळही मिसळून ठेवलेला. बाबांना तो दिसला नव्हता.

"बापा बापा! माह्या लाडवाचा डिंक गाडीले चारला!" आई डोक्याला हात लावून ओरडली, आणि तिलाच हसू फुटलं. मग बाबा हसले, मीही हसले. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही तिघं पहिल्यांदा असं हसत होतो.

मग मी दुकानातून लांबी आणली, पेंटर लोक भिंतीच्या चिरा भरतात ती, पण गाड्यांसाठीची पक्की. भेगेच्या टोकाला बाबांनी बारीक छिद्र पाडलं, म्हणजे ती आणखी पुढं पळत नाही. मग लांबी भरायची, वाळू द्यायची, पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं घासायची, आणि पुन्हा भरायची. दुपारभर तो खरखर आवाज चालायचा. मी मागच्या सीटवर पेंगत असायची. कापूस वेचणाऱ्या बायांचे आवाज लांबून यायचे आणि विरून जायचे.

बाबा डोळे मिटून घासायचे. आधी मला वाटलं, बसल्या बसल्या डुलकी लागली. पण तळहात भेगेवरून हळूहळू सरकत होता आणि ते पुटपुटत होते. "हे दिग्रस आलं... इथी थांबा हाय... एक म्हातारी चढते, थांब न बाई, सावकाश..." मी ऐकत पडून राहायची. अर्धवट झोपेत मलाही ती म्हातारी दिसायची, हातात पिशवी, पिशवीत कोंबडीचं पिल्लू. बाबांच्या हाताखाली बस चालली होती, तिच्यात सगळे जागे, मी एकटीच पेंगत होते. एवढं सुख मला या घरात लहानपणानंतर कधी लाभलं नव्हतं, खरंच सांगते.

पण काम काही संपेना. संध्याकाळ झाली की बाबा बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "दाना लागते." की घासून काढायचं, पुन्हा भरायचं. संक्रांत येऊन ठेपली.

"मुद्दाम करून राह्यले ते," आई मला चुलीजवळ ओढून म्हणाली. "तू उरकून टाक ते काम. एखाद्या दिवशी हे परत गाडी काढतीन, अन् मंग मले कोन सांगाले येईन?"

माझं डोकं सणकलं. रविवारी बाबा जेवून आडवे झाले, तशी मी पॉलिश पेपर घेऊन गाडीत बसले आणि रागारागानं घासत सुटले. काट्यापासून कप्प्यापर्यंत काचेसारखं गुळगुळीत. टोकाशी आले आणि हात थांबला. तिथं एक दाणा होता, मोहरीएवढा. दोनदा घासला असता तर गेला असता. मी तो ठेवला. चाबी हातात घ्यायची मलाच धास्ती होती. हे झालं की बाबा ड्रायव्हर नाहीत.

बाबा उठून आले, डोळे मिटून हात फिरवू लागले. सगळा रस्ता पार केला. टोकाशी बोट अडलं. बराच वेळ ते तिथंच राहिलं.

"हा माहा नाई," ते म्हणाले. "हा तुहा हाय."

मी हाताला लागलेली लांबीची धूळ पुसू लागले.

"अवो माय, तूही टाळून राह्यली काय?" असं म्हणून त्यांनी पेपर घेतला आणि तो दाणा स्वतः घासला.

काळा रंग दिला. तो वाळल्यावर बाबांनी बनियनच्या खिशातून चाबी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. "चाल. आईलेही घे." सवयीनं ते उजव्या दाराशी गेले, तिथं थबकले, आणि बॉनेटला धरत धरत डाव्या बाजूला आले. आई आपली सीट सोडून मागं बसली.

उमरखेड रोडला बाभळीच्या काट्यांना कापूस लटकला होता. बाबांनीच कधीकाळी शिकवलं होतं, तशी मी हळू चालवत होते. बाबा समोर तोंड करून बसले होते, हात डॅशबोर्डवर. धुऱ्यावरून एक बैलगाडी रस्त्यावर आली. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"बराबर थांबवली," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली नजर गेली. चप्पल बाजूला पडली होती, आणि जिथं ब्रेक नाही, तिथं त्यांचा उजवा पाय सगळा जोर लावून दाबलेला होता.