राईच्या गॅरेजात चालू होते तीन चॅनेल

दादाकडे आखातात, एगैला नावाच्या उपनगरात येऊन पाचच दिवस झाले होते आणि माझे मॉल बघून संपले होते. २००९चा जुलै, बाहेर भट्टी. दादा तेलकंपनीत इंजिनिअर, शुक्रवारी दुपारपर्यंत झोपणार. पुतणीला म्हटलं, चल भटकायला. ती मान वर न करता म्हणाली, "काका, इट्स फिफ्टी डिग्रीज." मग एकटाच निघालो, राई भागातल्या शुक्रवारच्या बाजाराला.

जाणार असाल तर आठच्या आत पोहोचा. बस बदलावी लागते. भाडं किरकोळ, पण स्टॉपवर अंगाचा पापड होतो. मला घ्यायची होती टोपी, रमलो पोपटांत. तिथून जुने रेडिओ, मग पाणी शोधत थेट गोदामांच्या रांगेत.

एका गॅरेजातून मराठी ऐकू आलं. दापोलीकडचे हुसैनभाई, गॅरेजचे मालक. मी गाव सांगितलं. "नाशिकचा? बस. च्या घे, मग मर उन्हात."

आत टीव्हीसमोर एकजण उभा होता. यूसुफ, शेजारच्या टाइल्सच्या गोदामात दुभाष्या, पश्चिम चीनमधला मुसलमान. त्याच्या शहरात दंगल उसळली होती, तिकडचे फोन बंद होते, आणि टीव्हीवर दिसत होती ती त्याच्या बहिणीची गल्ली. हुसैनभाईंच्या डिशवर चिनी, अरबी, इंग्रजी सगळं लागतं, म्हणून चार दिवस तो इथेच.

यूसुफने उलगडून सांगितलं: चिनी चॅनेलवर पळणारी माणसं गुंड होती. अरबीवर मुसलमान भाऊ. इंग्रजीवर आंदोलक. चित्र मात्र एकच, काही सेकंदांचं. मी हिंदीत विचारलं, "सच कौन बोलता है?"

"आवाज बंद करो," तो हुसैनभाईंना म्हणाला. मग मला, "लेफ्ट में देखो. नीला दरवाजा आएगा." आला नाही. कॅमेरा दर वेळी त्याच्या अलीकडेच वळायचा.

मी कॅमेरा काढून त्याचा फोटो घेतला. "ब्लॉगवर टाकतो. चीनमधल्या मुसलमानांचा आक्रोश."

"कसला आक्रोश?" हुसैनभाई म्हणाले. "सकाळपासून दोन सामोसे खाल्लेत त्याने. त्र्याण्णवात माझा भाऊ मुंबईत अडकला होता, तेव्हा मीपण इथे असाच उभा. सगळी मुंबई दाखवली, आमची चाळ सोडून."

मी कॅमेरा बॅगेत टाकला.

जुम्म्याच्या नमाजाला शटर पडलं. दोघं मशिदीत, मी बाहेर सावलीच्या पट्ट्यात. परत आलो तेव्हा यूसुफचा मोबाइल वाजला. शांघायहून मामेभाऊ. त्याला कुणाकडून तरी निरोप पोहोचला होता: बहीण घरात आहे, दुकान बंद, बाकी ठीक. यूसुफ टायरवर बसला आणि पहिल्यांदा टीव्हीकडे पाठ केली.

"बाकी ठीक मतलब क्या रे?" हुसैनभाईंनी विचारलं.

"फोन पे इतना ही बोलते हैं. कोई सुनता है," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "लिखो. लेकिन मेरा चेहरा नहीं."

नाशकात आल्यावर मित्र विचारतात, तिकडे चीनमध्ये नक्की काय झालं? पूर्वी मी एका वाक्यात सांगितलं असतं. आता सुरू करतो आणि मधेच थांबतो. फोटो मी गॅरेजातच पुसला. यूसुफ, हुसैनभाई ही नावंही खरी नाहीत, मी ठेवलेली. कुणी ओळखलंच, तर कॉमेंटमध्ये लिहू नका. त्याची बहीण अजून त्याच घरात राहते.