फायनलच्या दिवशीचं सुतक

माझी जीभ तिखट आहे, हे मला लहानपणापासून सगळे सांगत आले. आधी ती मैत्रिणींवर चालली, नांदेडला कॉलेजात शिकवायला लागल्यावर पोरांवर, लग्नानंतर थोडी नवऱ्यावर. आणि मग एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं अगदी सोनं झालं.

ग्रुप होता ड्रॅग क्वीनच्या एका परदेशी स्पर्धेच्या चाहत्यांचा. पुरुष बायकांचा साज करून येतात, चालतात, नाचतात, एकमेकींना टोमणे मारतात, आणि दर आठवड्याला एकीला घरी पाठवलं जातं. नांदेड, लातूर, उदगीरकडचे आम्ही तीस-पस्तीस जण हे सगळं जीव लावून पाहायचो आणि भाग संपला की तुटून पडायचो. कुणाचा टोप चुकला, कुणाच्या भुवया दोन वेगवेगळ्या बायकांच्या वाटतात, कुणावर अन्याय झाला. भांडणं तर अशी, की घरच्या वाटण्यांत होणार नाहीत. आणि मी काय म्हणते याची लोक वाट पाहायचे, हे मला माहीत होतं आणि आवडत होतं.

स्पर्धेच्या होस्टला आम्ही अक्का म्हणायचो. सहा फूट उंची, रुपेरी केसांचा टोप, संथ आवाज. अर्ध्या ग्रुपचं म्हणणं, की अक्का पक्षपात करते, तिसऱ्या भागापासून ती लाल पिसांवालीवर मेहेरबान आहे. मी मात्र कट्टर अक्काच्या बाजूची. कारण जी बाहेर पडायची तिच्याजवळ अक्का खुर्चीवरून उतरून यायची, पायरीवर तिच्या शेजारी बसायची आणि विचारायची, ‘घरात तुला असं पहिल्यांदा कुणी पाहिलं?’ मग ती स्पर्धक रडायची. सोफ्यावर मी रडायचे. डोळे पुसून झाले की ग्रुपवर लांबलचक लिहायचे, की माणसाला आहे तसं जवळ घेणं म्हणजे काय, ते या बाईकडून शिकावं. त्याला भरपूर बदाम पडायचे.

आता माझ्या मामांचं सांगते.

मामा आईचे धाकटे भाऊ. शिरूर अनंतपाळला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वर्षभर पंक्चर काढणारा, हातांना ग्रीस लागलेला, मोजकं बोलणारा माणूस. पण मामा आराधी आहेत. नवरात्रात ते देवीच्या नावानं लुगडं नेसतात, हातात हिरवा चुडा, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन मेळ्याबरोबर जोगवा मागतात. दरवर्षी पाचव्या माळेला मात्र ते मेळा सोडून एकटेच नांदेडला यायचे, आईच्या दारात जोगव्याला. आई त्यांच्या पायांवर पाणी घालायची, हळदकुंकू लावायची, परडीत पीठ घालायची आणि सख्ख्या धाकट्या भावाच्या पाया पडायची. तेवढ्यापुरते ते तिचे भाऊ नसायचे. नंतर पुरणपोळीवर दूध कमी पडलं म्हणून दोघं भांडायचे, तेव्हा परत भाऊ.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामा माझ्या दारात येऊ लागले. मी पाय धुवायचे, पाया पडायचे, सगळं करायचे. फक्त दार लोटून घ्यायचे, समोरच्या फ्लॅटवाल्यांना दिसू नये म्हणून. त्यांचे ब्लाऊज आई शिवायची. आता ते मी टेलरकडून शिवून घ्यायचे आणि टेलरला सांगायचे, की आमच्या एका जाड मावशीचं माप आहे.

श्रावणात केव्हातरी लातूरच्या एकानं ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तो लातूरला ब्यूटी पार्लर चालवतो, हात फार सुंदर आहे त्याचा. व्हिडिओत कुठल्याशा जत्रेत एक म्हातारा आराधी नाचत होता. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याकडची स्पर्धक. निकाल द्या.’ मी मिनिटभरात निकाल दिला. दाढीचे खुंट तसेच, ब्लाऊज काखेत उसवलेला, चाल बैलाची. दहापैकी दोन, तेही देवीच्या धाकानं. ग्रुप हसून लोळला. मग मी तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि मोठा करून पाहिला, की हे मामा तर नाहीत. नव्हते. आधी निकाल दिला आणि मग तोंड पाहिलं, हा क्रम मला अजून गिळता येत नाही.

फायनल आली नेमकी पाचव्या माळेला, शनिवारी दुपारी. आमच्याकडे टीव्ही मोठा. नवरा रेल्वेत, मुदखेडला दिवसपाळीला. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे जमायचं ठरलं, तेही पुरा साज करून. लातूरहून पार्लरवाला टोप घेऊन येणार होता. नांदेडचा एक कापड दुकानदार आमच्यात आहे, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारा; इतवाऱ्यात तीन पिढ्यांचं त्याचं दुकान. तो जरीचं कापड आणि बिर्याणी दोन्ही आणणार होता. आणखी दोघी-तिघी होत्या. या सगळ्यांच्या मध्ये दारात उभे मामा, लुगड्यातले, घामानं मळवट ओघळलेला, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मला धडकी भरली. सरळ सांगते, मला त्यांची लाज वाटली. हे लोक हसतील, मार्क देतील, असं वाटलं. ते कसे देतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या माळेला मी फोन केला.

‘‘मामा, या वर्षी नका येऊ.’’

‘‘का गं? बरं न्हाई का तुला?’’

‘‘सुतक आहे आम्हाला. सासरच्या भावकीत. लोह्याचे चुलत सासरे गेले.’’

हे खोटं मी विचार करून निवडलं होतं. सुतकाच्या घरचा जोगवा आराधी घेत नाही. सण आहे, पाहुणे आहेत, आजारी आहे, कशालाही मामा ‘दारातूनच जातो’ म्हणाले असते. सुतकापुढे प्रश्न नाही.

‘‘म्हातारे व्हते का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो, बरेच.’’

‘‘बरं बाई. जिवाला जप. जेवत जा येळेवर.’’

फोन ठेवला आणि मी माझ्याच हुशारीवर खूश झाले. पार्लरवाल्याला कळवलं, की माझ्यासाठीसुद्धा एक टोप आण, रुपेरी.

शनिवारी दोनच्या सुमारास घर नुसतं दणाणत होतं. पार्लरवाला जांभळ्या पैठणीत, कापडवाला जरीच्या घेरदार झग्यात, मी रुपेरी टोपात. टीव्हीवर शेवटच्या तिघी उभ्या आणि अक्का निकाल लांबवत होती. कुणीतरी ओरडलं, ‘‘आता दे की गं बाई!’’ तेवढ्यात बेल वाजली. बर्फवाला असेल म्हणून मी तशीच नाचत दार उघडलं.

दारात मामा होते. पांढरा सदरा, धोतर. गळा मोकळा. हातात चुडा नाही. कपाळ घासून घासून धुतलेलं, तरी मळवटाचा पिवळा डाग राहिलेला. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचा डबा.

तेव्हा मला कळलं, मी काय विसरले होते. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, आणि बाईच्या माहेरचं माणूस भाकरी घेऊन येतं. वडील माझे फार आधी गेलेले. मग आई. भाऊ नाही. माझं माहेर म्हणजे कोण उरलं होतं, हे मी मोजलंच नव्हतं. मामांनी मोजलं होतं. ते दोन एसट्या बदलून आले होते.

त्यांनी माझ्या डोक्यावरच्या टोपाकडे पाहिलं. मग आत, पैठणीतल्या पार्लरवाल्याकडे, बिर्याणीच्या पातेल्याकडे, टीव्हीवरच्या रोषणाईकडे. आतल्यांनी आवाज बंद केला.

कापडवाला उठला, झग्याचा घेर सावरत पुढे आला. ‘‘या की चाचा, आत या. उन्हाचं आलात, पाणी देतो.’’ मग माझ्याकडे वळून हळूच, ‘‘कोण आहेत, बाजी?’’

आणि मी म्हणाले, ‘‘गावाकडचे आहेत. ओळखीचे.’’

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात बदलून पाहिलंय. दोन अक्षरांचा शब्द होता, मामा. तो तोंडातून निघाला नाही.

मामांनी ऐकलं. ‘‘हाव,’’ ते कापडवाल्याला म्हणाले, ‘‘वळखीचा हाय मी. भाकरी देयाच्या व्हत्या, दिल्या. जातो आता, यष्टी हाय.’’ त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. भाकरी अजून मऊ होत्या. पाणीसुद्धा न पिता ते जिना उतरले. मी त्यांच्या मागं गेले नाही. डोक्यावर तो टोप होता, आणि तसं रस्त्यावर जायची मला लाज वाटली, हेही लिहून ठेवते.

आत आल्यावर पार्लरवाला म्हणाला, ‘‘आराधी आहेत ना ते? कपाळावरून कळतं. आमच्या आजोळीपण होते एक. मी लुगडं नेसायला त्यांच्याकडूनच शिकलो.’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणाले.

लाल पिसांवाली जिंकली. ग्रुप पेटला, अक्काला शिव्यांची लाखोली. त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखं लिहिलं, अक्काच्या बाजूनं, मुद्देसूद, चार ठिकाणी चांगला टोमणा साधून. वाहवा झाली. भाकरी ओट्यावर तशाच फडक्यात होत्या. रविवारी सकाळी एक मोडली आणि तशीच परत फडक्यात बांधली.

सोमवारी कॉलेजातून रजा काढून मी शिरूरला गेले. मामा दुकानात बसले होते, टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत. पलीकडच्या गल्लीतून मेळ्याचं संबळ ऐकू येत होतं. सातवी माळ होती, आणि मामा सदऱ्यात.

‘‘मामा, मी खोटं बोलले. कुणी गेलं नाही.’’

‘‘दारातच कळालं मला,’’ ते म्हणाले आणि ट्यूब फिरवली.

‘‘मग माळ का नाही घातली परत?’’

‘‘आमच्या मेळ्याचा नेम हाय. नऊ दिसांत येकदा उतरली की उतरली. मयताच्या घरी जायचं म्हणून मी सगळ्याम्होरं माळ उतरवली, परडी दुसऱ्याच्या हाती देली. आता फुडच्या वर्साला.’’ मग म्हणाले, ‘‘एकतीस वर्सं खंड नव्हता. तुज्या आईच्या मयतीला बी नवरात्र नव्हतं, देवीनं सांभाळून घेतलं व्हतं.’’

मी रडायला लागले. म्हटलं, मी मेळ्यातल्या सगळ्यांना सांगते, की चूक माझी आहे, सुतक नव्हतंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. ‘‘सांग,’’ ते म्हणाले. ‘‘मी सांग बी म्हनत न्हाई, नको बी म्हनत न्हाई. तुला वाटंल ते कर.’’

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाई आल्या. मामांच्या मेळ्याला पहिला जोगवा त्यांच्याच दारात मिळतो. मला रडताना पाहून त्या जवळ बसल्या आणि पदरानं माझं तोंड पुसलं. ‘‘रडू नको लेकी. तुज्या दुखासाठी मामानं देवीची माळ काढून ठिवली, असा मामा कुनाला हाय? आमी समदे तेच बोलायलो. कोण गेलं गं तुजं?’’

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी ट्यूब धरलेला हात थांबवला होता. पाण्यातून बुडबुडे येत होते, भोक सापडलं होतं, तरी ते तसेच थांबले होते.

‘‘चुलत सासरे,’’ मी म्हणाले.

म्हाताऱ्या बाई चुकचुकल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मामांनी ट्यूब बाहेर काढून पुसली. ‘‘चहा टाका जी थोडा,’’ खाली पाहतच ते त्या बाईंना म्हणाले. ‘‘माजी भाची हाय. लांबून आलीय.’’